असुरपतीचा रंग : गंजिफांतील असुरलोक आणि पूर्णेच्या खोऱ्यातील पाताळ

१

गंजिफांविषयी मराठीत जे लेखन आढळते ते बहुधा हस्तकलेच्या अंगाने केलेले असते. चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेला कागद, त्यावरील खडूचे अस्तर, रंगकाम आणि लाखेचा लेप यांचे त्यात साक्षेपाने वर्णन येते. हे वर्णन आवश्यक आहेच. परंतु गंजिफांचा संच ही केवळ चित्रांची चळत नव्हे. ते एक रचलेले जग असते. या जगात राज्य कोणाला द्यावयाचे, प्रधान कोणाला, आणि प्रजा म्हणून कोणाची गणती करावयाची, हे रचणाऱ्याने ठरविलेले असते. अशा निवडीचा विचार हा साहित्यविचाराच्या कक्षेतच येतो. प्रस्तुत लेखात या जगातील एकाच राज्याचा, म्हणजे असुरांच्या रंगाचा, विचार करावयाचा आहे.

हा खेळ हिंदुस्थानात मोगलांबरोबर रूढ झाला. बाबराने १५२७ साली सिंधमधील शाह हसन याजकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी अबुल फजलने ‘ऐन-इ-अकबरी’त अकबराच्या खेळाचे सविस्तर वर्णन केले. पूर्वीच्या जाणत्यांनी बारा हा आकडा आधारभूत धरून प्रत्येक रंगाची पाने बारा केली. परंतु बारा राजे बारा निरनिराळ्या प्रकारचे असावयास हवेत ही गोष्ट ते विसरले, असा त्याचा आक्षेप आहे. यापुढे तो अकबर ज्या बारा रंगांनी खेळत असे त्यांची यादी देतो : अश्वपती, गजपती, नरपती, गढपती, धनपती, दलपती, नावपती, स्त्रीपती, सुरपती, असुरपती, वनपती आणि अहिपती. प्रत्येक रंगात एक राजा, एक वजीर आणि एकापासून दहापर्यंतची पाने. एकूण पाने १४४. त्यांतील बारा असुरांची.

याच ग्रंथात, वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात, लोणारच्या सरोवराचीही हकीकत आली आहे. हे सरोवर म्हणजे लोणासुराचे भूमिगत निवासस्थान, अशी त्या प्रदेशातील कथा आहे. अबुल फजलने मात्र तेथे असुराचा उल्लेख केलेला नाही. एकाच ग्रंथकाराने एका प्रकरणात असुरांचे राज्य वर्णिले आणि दुसऱ्या प्रकरणात असुराचे बीळ वर्णिले. परंतु राज्याला भूमी मिळाली नाही आणि बिळाला राजा मिळाला नाही. ही गाठ का पडली नाही, आणि मराठी कल्पनेने ती अन्यत्र कोठे घातली, हा येथील प्रश्न आहे.

२

प्रथम नावाचा विचार. यादीत नववा रंग सुरपतीचा आणि दहावा असुरपतीचा. ही जोडी वाचकास इतकी स्वाभाविक वाटते की तिच्यात काही विचारावयाचे आहे अशी शंकाही येत नाही. सुर म्हणजे देव. जे सुर नव्हेत ते असुर. परंतु भाषेचा इतिहास याच्या नेमका उलट आहे. ऋग्वेदात ‘असुर’ हे वरुणासारख्या श्रेष्ठ देवतांचे गौरवपर विशेषण आहे. इराणी शाखेतील ‘अहुर’ हा त्याचाच सहोदर शब्द, आणि तो तर परमेश्वराच्या नावाचाच घटक झाला आहे. ऋग्वेदात देव या अर्थाचा ‘सुर’ हा शब्द मुळी नाही. पुढे ‘असुर’ शब्दाचा अर्थ पालटून तो देवांच्या शत्रूंना लागू झाला, तेव्हा त्यातील आरंभीचा ‘अ’ नकारार्थी आहे असा समज झाला, आणि तो ‘अ’ काढून उरलेल्या अक्षरांतून ‘सुर’ हा नवा शब्द घडविण्यात आला. ‘विधवा’ या शब्दातील ‘वि’ हा उपसर्ग आहे असे मानून ‘धव’, म्हणजे नवरा, हा शब्द घडला, त्यातलाच हा प्रकार होय.

सारांश, देवांचे हे नाव असुरांच्या नावाचा तुकडा पाडून घेतलेले आहे. ही चुकीची फोड पुढे कथेलाही जन्म देणारी ठरली. समुद्रमंथनातून निघालेल्या वारुणीचा ज्यांनी स्वीकार केला ते सुर आणि ज्यांनी केला नाही ते असुर, असा खुलासा वाल्मीकिरामायणाच्या बालकांडात येतो. शब्द आधी फुटला आणि फुटीचे कारण सांगण्यासाठी कथा मागाहून आली.

गंजिफांच्या यादीत ही जोडी फारसी लिपीतून आली, तेव्हा तिच्यातील अंतर आणखीच कमी झाले. फारसी लेखनात ऱ्हस्व उकार लिहिला जात नाही. त्यामुळे सुरपती आणि असुरपती या दोन नावांत एका अलिफाचाच काय तो फरक उरतो. ब्लॉकमन यांच्या १८७३ च्या इंग्रजी भाषांतरात दहाव्या रंगाचे नाव ‘अस्रपती’ असे झाले आहे, त्याचे कारण हेच. देवलोक आणि असुरलोक यांच्यामध्ये पुराणांनी कित्येक तळांचे अंतर घातले. लिपीने ते एका उभ्या रेघेवर आणून ठेवले.

याचा अर्थ असा की असुरपती हा रंग मुळात कथेतून आलेला नसून जोडीच्या गरजेतून आलेला आहे. अश्वपती, गजपती, नरपती ही नावे इतिहासातील राजबिरुदे म्हणून परिचित होती. सुरपती हे इंद्राचे रूढ नाव होते. असुरपती हे मात्र कोणा एकाचे ठरलेले नाव नव्हते. सुरपतीच्या शेजारची जागा त्या शब्दाने भरली. रिकाम्या जागेत शब्द बसविणे सोपे असते. त्या शब्दाला चेहरा देणे कठीण. चित्रकाराला तो द्यावाच लागतो, आणि या रंगाची खरी कसोटी तेथे लागते.

३

‘पती’ हे उत्तरपद असलेले हे बारा समास वरकरणी एकाच साच्याचे दिसतात. परंतु राजा आणि त्याची प्रजा यांचा संबंध सर्वत्र सारखा नाही. गजपती हा हत्ती नव्हे आणि अश्वपती हा घोडा नव्हे. हे स्वामी बाहेरचे आहेत, त्यांची सत्ता ही बाळगण्याची सत्ता आहे. याउलट वनपती हा स्वतः वाघ आहे आणि अहिपती हा स्वतः सर्प आहे. हे स्वामी आपल्या प्रजेतलेच आहेत. सुरपती इंद्र हाही सुरांपैकीच एक. व्याकरणाने हे दोन्ही अर्थ संभवतात. कोणता घ्यावयाचा हे समास सांगत नाही, चित्र सांगते.

मग असुरपती कोण? सुरपतीच्या जोडीने पाहता तो असुरांपैकीच कोणी असावयास हवा. पुराणांत असे राजे उणे नाहीत : हिरण्यकशिपू आहे, प्रल्हाद आहे, विरोचन आहे, बळी आहे. परंतु अबुल फजलच्या वर्णनानुसार या पानावर सिंहासनारूढ आहे तो दाऊदचा पुत्र सुलेमान. उरलेल्या दहा पानांवर जिन्नांची चित्रे आहेत. इस्लामी परंपरेत सुलेमानाला जिन्नांवर अधिकार दिलेला आहे. ते त्याच्यासाठी इमारती उभारतात, समुद्रात बुड्या मारतात. म्हणजे येथील ‘पती’ हा वनपतीच्या जातीचा नसून गजपतीच्या जातीचा आहे. असुरांना राज्य मिळाले, पण राजा आपला मिळाला नाही.

या योजनेकडे केवळ भाषांतरातील सोय म्हणून पाहणे अपुरे होईल. असुर आणि जिन्न हे शब्द परस्परांच्या जागी ठेवताना अर्थाची एक बाजू जुळते आणि दुसरी निसटते. मानवाहून निराळी, सामर्थ्यशाली, वश करण्यास कठीण अशी योनी ही बाजू जुळते. परंतु असुर हे देवांचे दायाद आहेत. एकाच कश्यपाची ही दोन्ही प्रजा. त्यांचा कलह राज्याच्या वाटणीचा कलह आहे. जिन्नांना असा वारसाहक्क नाही. असुर हा शब्द जाऊन जिन्न आला तेव्हा भाऊबंद गेले आणि चाकर आले. अशा प्रजेवर बाहेरचा राजा बसविण्यास काहीच अडचण नव्हती.

येथे आणखी एका शब्दाचा खुलासा करणे इष्ट आहे. बारा रंगांपैकी पहिल्या सहांना ‘बेशबर’ आणि शेवटच्या सहांना ‘कमबर’ म्हटले आहे. ब्लॉकमन यांनी त्यांचे अर्थ बलवान आणि दुर्बल असे दिले. ते प्रमाण मानल्यास सुर, असुर, पशू, सर्प, स्त्रिया आणि नावा हे सर्व दुर्बलांच्या वर्गात पडतात, आणि त्यावरून मोगल दरबाराच्या मनोवृत्तीविषयी झटपट अनुमान काढण्याचा मोह होतो. परंतु ‘बेश’ म्हणजे अधिक, ‘कम’ म्हणजे उणे, आणि ‘बर’ म्हणजे नेणारा. गंजिफांच्या रूढ नियमानुसार अर्ध्या रंगांत राजा व वजीर यांच्या खालोखाल दहाचे पान श्रेष्ठ असून एक्का शेवटचा. उरलेल्या अर्ध्यांत एक्का श्रेष्ठ आणि दहा शेवटचा. तेव्हा हे दोन शब्द पानांच्या क्रमाचे वाचक आहेत, रंगांच्या योग्यतेचे नव्हेत. असुरांच्या रंगात एकटा जिन्न दहा जिन्नांना जिंकतो एवढाच त्याचा अर्थ. आणि तीच गोष्ट त्याच्या शेजारच्या देवांनाही लागू आहे. खेळापुरते पाहिले तर सुर आणि असुर यांच्यात उच्चनीचभाव नाही. या समतेची नोंद घेतली पाहिजे, कारण पुढील गंजिफांत ती राहिली नाही.

अकबराने पुढे या संचात फेरफार केले. बदललेल्या रंगांत नाणी, सनदा, वस्त्रे, वाद्ये, तलवार, मुकुट, गुलाम असे विषय आले; धनपतीच्या पानांवर टांकसाळीतील कारागीर दिसू लागले. देव, असुर आणि सर्प हे तिन्ही गेले. दरबाराने आपलेच कारखाने आणि कचेऱ्या पानांवर उतरविल्या. ज्याला कथा नव्हती तो रंग प्रथम गळावा यात नवल नाही; नवल एवढेच की त्याच्याबरोबर इंद्रही गेला.

४

आता भूमीकडे वळू. जालना जिल्ह्यातील जाफराबाद हे गाव खेळणा आणि पूर्णा या नद्यांच्या संगमावर वसले आहे. त्याला तटबंदी होती, आत गढी होती. तेथील फारसी शिलालेख गॅझेटियरांनी नोंदविले आहेत. जाफरखानाच्या जहागिरीवरून हे नाव पडले असे ते सांगतात. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या नावाची घडण बोधप्रद आहे. ‘जाफर’ हा स्वामी. ‘आबाद’ म्हणजे वसलेले, लागवडीखाली आलेले. ‘आबादीआबाद’ या मराठी प्रयोगात तोच अर्थ अजून जिवंत आहे. राज्य म्हणावयास ज्या गोष्टी लागतात त्या या एका नावात आल्या आहेत : एक धनी, एक भूमी, आणि त्या भूमीवर नांदणारी वस्ती. असुरपती या नावात धनी आहे, परंतु आबादी नाही.

जाफराबादच्या आग्नेयेस, सरळ रेषेत सुमारे ५५ किलोमीटरांवर, बुलढाणा जिल्ह्यात लोणार आहे. या दोन गावांच्या दरम्यान एके काळी निजामाचे राज्य आणि वऱ्हाड यांची सीमा होती. लोणारची कथा मात्र ही सीमा मानीत नाही. १८७० च्या वऱ्हाड गॅझेटियरात ती आली आहे. लोणासुर भूमीखालच्या आपल्या निवासात दडून राहत असे, आणि त्यावर झाकण असे. विष्णूने दैत्यसूदन नावाच्या सुंदर तरुणाचे रूप घेतले, असुराच्या दोन बहिणींचे मन जिंकले, त्यांच्याकडून जागेचा ठाव काढला, आणि पायाच्या अंगठ्याने झाकण उडवून निद्रिस्त असुराचा वध केला. ते झाकण लोणारच्या नैर्ऋत्येस ३६ मैलांवर धातेफळजवळ जाऊन पडले आणि त्याची टेकडी झाली. सरोवराचे पाणी म्हणजे असुराचे रक्त, आणि क्षार म्हणजे त्याचे कुजलेले मांस. अंतर व दिशा पाहता ही टेकडी आजच्या जालना जिल्ह्याच्या बाजूस येते. म्हणजे पाताळाचे तोंड वऱ्हाडात आणि त्याचे झाकण मोगलाईत अशी ही वाटणी आहे.

सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर बेसॉल्ट खडकात उल्कापाताने निर्माण झाले, हे आता सर्वमान्य आहे. कथेने त्याचे कारण चुकीचे दिले असले तरी त्याचे रूप बिनचूक टिपले आहे. वर्तुळाकार, काठ उचललेले, मध्ये खोल : ज्यावरून झाकण निघाले आहे असे भांडे. आघात वरून झाला ही गोष्टही, अंगठ्याच्या रूपाने का होईना, कथेत आहे.

नावाच्या बाजूने पाहता येथेही शब्दच आधी आलेला दिसतो. संस्कृत ‘लवण’, प्राकृत ‘लोण’. ‘अव’चा ‘ओ’ होणे हा मराठीचा नित्याचा नियम आहे, आणि ‘लोणचे’ या शब्दात तो रोज जेवणाच्या पानावर दिसतो. लोणार हे नाव क्षाराचे आहे. त्यावरून लोणासुर, आणि त्याचे संस्कृत रूप लवणासुर. हे रूप सिद्ध होताच रामायणाच्या उत्तरकांडात शत्रुघ्नाने मारलेल्या मथुरेकडच्या लवणाशी त्याचे नामसादृश्य झाले. पण लोणारने शत्रुघ्नाला आणले नाही, आपला दैत्यसूदन राखला. तेथील दैत्यसूदनाचे उत्तर-चालुक्य धाटणीचे मंदिर आणि त्याच्या छतावरील असुरवधाचे शिल्प यांनी ही कथा दगडात पक्की केली आहे.

अबुल फजलने लोणारविषयी काय लिहिले? हा मेहकरचा भाग असून फार पवित्र आहे. ब्राह्मण त्याला विष्णुगया म्हणतात. अशा तीन गया आहेत. तेथे एक कोस लांब व तितक्याच रुंदीचे, उंच टेकड्यांनी वेढलेले सरोवर आहे. पाणी खारे आहे. काच आणि साबण यांना लागणारी द्रव्ये तेथे मिळतात आणि त्यांपासून चांगला महसूल येतो. माहिती नेमकी आहे आणि दृष्टी महसुलाची आहे. कथेत जे असुराचे मांस आहे ते येथे साबणाचे साहित्य झाले आहे. असुर मात्र पूर्णपणे गेलेला नाही. ‘गया’ हे क्षेत्रनामच पुराणांनी गयासुराच्या देहावरून लावले आहे. विष्णुगया म्हणताना जेत्याचे आणि जिताचे अशी दोन्ही नावे उच्चारली जातात. ग्रंथकाराने असुराला टाळले. शब्दाने त्याला टाळले नाही.

तथापि, लोणासुराचे हे पाताळ राज्य म्हणण्याजोगे नाही. तेथे भूमी आहे, तिची मोजमापेही आहेत. परंतु प्रजा नाही, प्रधान नाही, दरबार नाही. दोन बहिणी आहेत, त्याही शत्रूला मिळाल्या. लोणासुर हा राजा नव्हे, तो दडून बसलेला आहे. गंजिफांतील असुरांना राजदरबार होता आणि बूड नव्हते; लोणारच्या असुराला बूड आहे आणि राजदरबार नाही. दोहोंत साम्य एवढेच की अखेरचा शब्द बाहेरून आलेल्याचा आहे. तेथे सुलेमानाचा, येथे दैत्यसूदनाचा.

५

महाराष्ट्रात जी गंजिफा रुजली ती दशावतारी. सावंतवाडी हे तिचे प्रमुख स्थान. ही कला अस्तंगत होत असता शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी यांनी पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि तिला नवे जीवन दिले. मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, एकूण १२०. डावाचा आरंभ दिवसा रामाने आणि रात्री कृष्णाने होतो.

या संचात असुरांना रंग नाही. १४४ पैकी बारा पानांचे त्यांचे राज्य येथे शून्यावर आले आहे. ते दिसतात ते काही संचांतील राजाच्या पानावर, नरसिंहाच्या मांडीवर किंवा वराहाच्या पायाखाली; म्हणजे राजा म्हणून नव्हे, राजाच्या पराक्रमाचा पुरावा म्हणून. कमबर रंगांच्या नियमात देव आणि असुर एकाच मापाने मोजले जात होते. तो प्रसंगच येथे उद्भवत नाही.

असे असूनही दशावतारी रंग टिकले आणि असुरपती टिकला नाही, याचे श्रेय केवळ भक्तीला देणे बरोबर होणार नाही. त्याचे कारण कथेच्या व्यवस्थेत आहे. गंजिफेच्या पानावर अक्षर नसते. मत्स्याच्या रंगात सात मासे काढले की काम भागते. त्या माशांची कथा खेळणाऱ्याच्या घरात, कीर्तनात, दशावतारी नाटकात आधीच सांगून झालेली असते. पान फक्त आठवण देते. जिन्नांचा सातवा किंवा आठवा कोण, हे सांगणारी कथा खेळणाऱ्यापाशी नव्हती. चित्र होते, त्याला आठवण नव्हती. ओडिशातील रामायणी गंजिफांत रावणाच्या पक्षालाही रंग मिळाले, ते याच नियमाने. लंकेला राजा आहे, भाऊ आहेत, पुत्र आहेत, आणि त्या सर्वांच्या कथा घरोघरी ठाऊक आहेत.

दशावतारी संचातील वामनाचा रंग या दृष्टीने अधिक विचार करण्याजोगा आहे. त्याचे चिन्ह कमंडलू. मत्स्य, वराह, नरसिंह यांच्या कथांत असुर मारला जातो. वामनाच्या कथेत असुर मारला जात नाही. तो देतो, आणि दिल्यामुळे खाली जातो. भागवताप्रमाणे बळीला सुतल हे राज्य मिळते, आणि तेथे स्वतः विष्णू त्याचा द्वारपाल होतो. विष्णुपुराणात तर नारद पाताळ पाहून येतो आणि ते इंद्राच्या स्वर्गाहून रम्य असल्याचे देवांना सांगतो. येथे प्रथमच तिन्ही गोष्टी एकत्र येतात : असुरांपैकीच असलेला राजा, त्याची प्रजा, आणि त्यांची भूमी. शिवाय राजा आत आहे आणि देव दारावर आहे. सुलेमान आणि दैत्यसूदन यांनी जे स्थान घेतले होते त्याच्या हे बरोबर उलट आहे. परंतु हे राज्य पानांवर आले नाही. वामनाच्या बारा पानांत बळीचा देश कोठेच नाही. कमंडलूतून ज्याच्या हातावर पाणी पडले, किंबहुना ज्याने पाणी सोडले, तो संचाबाहेर राहिला.

६

पानांवर जे आले नाही ते मराठी भाषेत आले. या भाषेत पाताळाविषयी दोन प्रकारचे प्रयोग आढळतात. ‘रसातळाला जाणे’, ‘पाताळयंत्री’, ‘पाताळात गाडणे’ हे एका जातीचे. त्यांत पाताळ म्हणजे नाश, कपट, अंधार. दुसरा प्रयोग बळीच्या राज्याचा. कार्तिक शुद्ध प्रतिपदेला ओवाळताना बळीचे राज्य येवो अशी इच्छा घरोघरी केली जाते, आणि शेतकऱ्याला ‘बळीराजा’ म्हणण्याचा प्रघात तर सार्वत्रिक आहे. एकच शब्द भूमीखालच्या असुरराजाला आणि भूमी कसणाऱ्या माणसाला लागू करणे, ही साधी लक्षणा नव्हे. राजाला खाली लोटले, आणि खालीच बी रुजते. हा अर्थ कोणी मुद्दाम जोडला नाही, पण शब्दाच्या वापरात तो मुरलेला आहे. जाफराबादच्या संगमापासून लोणारपर्यंतच्या प्रदेशात ‘पाताळ’ म्हटले की लोणासुराचे बीळ आठवावे आणि ‘बळी’ म्हटले की बांधावरचा माणूस आठवावा, अशी ही विभागणी आहे.

महात्मा जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाले. योगायोग असा की ब्लॉकमन यांचे ऐनचे भाषांतरही त्याच वर्षाचे. कलकत्त्यात असुरपती इंग्रजीत उतरत होता, तेव्हा पुण्यात फुले बळीच्या राज्याची उभारणी करीत होते. त्यांनी बळीला पाताळातून काढून महाराष्ट्राच्या भूमीवर आणले, आणि त्याला नुसती भूमी नव्हे तर राज्ययंत्र दिले. खंडोबा हा त्याच्या खंडाचा अधिकारी, म्हसोबा म्हणजे ‘महासुभा’, अशी गावोगावच्या दैवतांची त्यांनी बळीच्या दरबारात नेमणूक केली. व्युत्पत्ती म्हणून ‘महासुभा’ ग्राह्य धरता येत नाही. ‘म्हसोबा’ या नावाचा संबंध ‘महिष’, ‘म्हैस’ या शब्दांशीच लावणे ध्वनिनियमांना धरून आहे. परंतु ज्या कसोटीवर ही व्युत्पत्ती पडते त्याच कसोटीवर ‘सुर’ हा शब्दही पडतो, आणि तो तर शतकानुशतके निर्वेधपणे चालला. देवांचे नाव ज्या चुकीने घडले त्या चुकीला परंपरा म्हणावयाचे आणि असुरांचा दरबार ज्या चुकीने घडला तिला केवळ चूक म्हणावयाचे, हा न्याय नव्हे. भाषाशास्त्राने दोन्ही फोडी चुकीच्या ठरवाव्यात. टीकेने दोहोंनी काय घडविले ते पाहावे.

तसे पाहता फुल्यांच्या रचनेचे स्वरूप गंजिफेच्या रंगासारखेच आहे : राजा, प्रधान, आणि क्रमाने अधिकारी. फरक असा की ही पाने त्यांना रंगवावी लागली नाहीत. गावाच्या वेशीवर आणि शेताच्या बांधावर ती शेंदूर लावून आधीच मांडलेली होती. अबुल फजलच्या असुरपतीला जी आठवण मिळाली नाही ती येथे गावोगाव पडून होती.

७

या विचाराला आजच्या काळातही विषय आहे. अमेरिकेत १९९३ साली रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाने ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा पत्त्यांचा खेळ आणला, आणि त्यापाठोपाठ अद्भुत जगांवर आधारलेल्या अशा खेळांची परंपराच सुरू झाली. या खेळांत राक्षसांनी वसलेली पाताळे आहेत, त्यांना स्वामी आहेत, प्रजा आहे, नकाशे आहेत. गंजिफेच्या आणि या पानांच्या घडणीतील मुख्य भेद अक्षराचा आहे. गंजिफेचे पान मुके असते आणि कथा माणसांत असते. या पानांवर कथाच छापलेली असते. त्यामुळे ज्याची आठवण कोणालाही नाही असे पाताळ एका छापखान्यातून तयार करता येते. ही सोय मोठी आहे, परंतु तिचा धनी प्रकाशक आहे. त्याच खेळातून राक्षस हा वर्ग १९९५ च्या सुमारास वगळला गेला आणि २००२ मध्ये पुन्हा आणला गेला. राज्य देणारा बाहेरचा असला की काढून घेणाराही तोच असतो. सुलेमानाच्या सिंहासनाखालील जिन्नांची स्थिती यापेक्षा निराळी नव्हती.

तेव्हा असुरपतीच्या रंगाचे मूल्यमापन असे करावे लागेल. कलाकृती म्हणून तो अपुरा आहे. जोडीच्या गरजेतून त्याला नाव मिळाले, भाषांतरातून राजा मिळाला, आणि ज्या भूमीची हकीकत त्याच ग्रंथात होती ती त्याला मिळाली नाही. तरीही त्याची एक थोरवी मान्य केली पाहिजे. पुढील संचांत असुर हा मारण्यासाठीच चितारला गेला. येथे तो मोजला गेला आहे. त्याला एकापासून दहापर्यंत क्रम आहे, वजीर आहे, आणि देवांच्या शेजारी, देवांच्याच नियमाने खेळण्याचा अधिकार आहे. असुरांना बारा पानांचे राज्य असू शकते हे तत्त्व या रंगाने एकदा मान्य केले होते.

त्या राज्याला आपला राजा आणि आपली भूमी मिळवून देण्याचे काम मराठी भाषकांनी केले, आणि ते पानांवर नव्हे, बोलण्यात केले. गंजिफांचा अभ्यास यापुढे करावयाचा तर संचात कोणते रंग आहेत याच्या जोडीने कोणते रंग संचाबाहेर राहिले, आणि ते कोणत्या शब्दांच्या आधाराने जगले, याचीही नोंद त्यात झाली पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यातील ग्रामदैवतांची, टेकड्यांची आणि शेतांची नावे या दृष्टीने गोळा करणे हे त्यातील पहिले काम होय.